उमऱ्यापूर्वीचा आरोग्यसल्ला: लष्कर भागातील प्रवास-आरोग्य केंद्राचे परीक्षण

पुण्याच्या लष्कर भागातील या प्रवास-आरोग्य केंद्रात ज्यांना केवळ मेंदुज्वराची लस टोचून प्रमाणपत्र हाती घ्यायचे आहे, त्यांनी हे परीक्षण शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. ते काम इथे चोख होते. लस शीतकपाटातून तुमच्यासमोर काढली जाते, कुपीवरची मुदत तुम्हाला दाखवली जाते, प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला जातो आणि सल्ल्याचे शुल्क व लशीची किंमत पावतीवर स्वतंत्र लिहिलेली असते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या लसीकरणाची व्यवस्था शासकीय यंत्रणा करते. उमऱ्याला, म्हणजे वर्षात केव्हाही करता येणाऱ्या मक्केच्या छोट्या यात्रेला, जाणाऱ्यांना मात्र आपली सोय आपणच पाहावी लागते, आणि कोंढवा, भवानी पेठ, लष्कर या भागांतील बहुतेक टूरवाले त्यासाठी अशाच एखाद्या खाजगी केंद्राकडे बोट दाखवतात.

आमची गरज याहून थोडी वेगळी होती. माझ्या अब्बांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, अम्मींचे हृदयाचे औषध चालू आहे, आणि दोघे पहिल्यांदाच अरबस्तानात जाणार होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे मर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उंटापासून माणसाला होणाऱ्या कोरोनाविषाणूच्या आजाराविषयी एरवीही वाचत असतो. केंद्राच्या सेवांच्या यादीत ‘आखाती देशांतील श्वसनरोगांविषयी व्यक्तिगत समुपदेशन’ असा उल्लेख होता. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्या समुपदेशनाचे आहे. संशोधनाने गेल्या दशकभरात जे शोधून काढले, त्यातले किती आणि कोणत्या स्वरूपात इथे साध्या माणसापर्यंत पोहोचते, हे मला पाहायचे होते.

समुपदेशन दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा एका तरुण समुपदेशकाचा. तो वागायला नम्र होता, अब्बांना बसायला हात देणारा होता, पण त्याचे बोलणे पाठ केलेले होते. “मर्स झालेल्या दर तिघांतला एक दगावतो,” हे त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकले आणि अम्मींचा चेहरा उतरला. हा आकडा खोटा नव्हे. 2012 पासून जगभरात प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण सुमारे 2600 आहेत, त्यांतले 900 हून अधिक मरण पावले, आणि हे रुग्ण 27 देशांत नोंदले गेले असले तरी त्यांतले बहुसंख्य सौदी अरेबियातलेच आहेत. मात्र हा भागाकार केवळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या आणि तपासणी झालेल्या माणसांचा आहे. सौदी अरेबियात सर्वसामान्य लोकांचे 10 हजारांहून अधिक रक्तनमुने तपासून 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 15 जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेली प्रथिने, सापडली आणि त्यावरून देशभरात 40 हजारांहून अधिक लोकांना नकळत संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज संशोधकांनी बांधला. सौम्य आजार मोजलाच जात नाही, तेव्हा मृत्यूचे प्रमाण फुगलेले दिसते, एवढे एक वाक्य समुपदेशकाने जोडले असते तर घाबरवणे आणि सावध करणे यांतला फरक त्याला कळतो असे म्हणता आले असते. त्याच अभ्यासात उंट राखणाऱ्यांमध्ये प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे 15 पट आणि कत्तलखान्यात काम करणाऱ्यांमध्ये सुमारे 23 पट होते. यात्रेकरूला खरोखर उपयोगी पडावी अशी माहिती तीच आहे, आणि ती या टप्प्यात आलीच नाही.

दुसरा टप्पा डॉक्टरांचा, आणि या केंद्राकडे जाण्याचे कारण कोणते असेल तर ते हेच. डॉक्टरीणबाईंनी सुरुवात आकड्यांपासून न करता उंटापासून केली. “काका, तिकडे जियारतीच्या, पवित्र स्थळं दाखवणाऱ्या बसमधून नेतात, मध्ये उंटांचा कळप दिसला की गाडी थांबवतात आणि धारोष्ण दूध पुढे करतात. ते दूध कोणीही, कितीही प्रेमानं दिलं तरी घ्यायचं नाही,” असे त्यांनी अब्बांना सरळ सांगितले. अब्बांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, की उंटाच्या दुधाने साखर उतरते असे ऐकले आहे, त्याचे काय. यावर हसण्यावारी न नेता त्या म्हणाल्या, “उकळून मिळालं तर खुशाल प्या, पण साखरेची गोळी चुकवू नका.” उकळल्याने विषाणू नष्ट होतो, म्हणून आक्षेप दुधाला नसून कच्चेपणाला आहे, हा भेद त्यांनी ज्या सहजतेने पोहोचवला तो छापील पत्रकाला कधीच साधत नाही. कळपात शिरू नये, उंटाच्या तोंडाशी तोंड नेऊन छायाचित्र काढू नये, हात लागलाच तर साबणाने धुवावा, अर्धवट शिजलेले मांस खाऊ नये आणि औषध म्हणून कोणी उंटाचे मूत्र देऊ केले तर ते घेऊ नये, असेही त्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला नेमका हाच आहे.

इतका भर उंटावरच का, असे मी विचारले, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरासाठी मी हे केंद्र इतरांना सुचवीन. 2012 च्या जूनमध्ये जेद्दाच्या एका खाजगी रुग्णालयात साठीचा एक गृहस्थ न्यूमोनिया आणि निकामी होत चाललेली मूत्रपिंडे घेऊन दाखल झाला आणि काही दिवसांतच दगावला. तिथले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या कफात ओळखीचा एकही विषाणू सापडेना, तेव्हा त्यांनी नमुना नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे पाठवला आणि तिथे हा नवाच कोरोनाविषाणू असल्याचे निश्चित झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जॉर्डनमधील झर्का येथील रुग्णालयात जो अनाकलनीय न्यूमोनिया पसरला होता, तोही याच विषाणूचा होता हे साठवलेल्या नमुन्यांवरून नंतर उघड झाले. सुरुवातीला संशय वटवाघळावर होता, कारण याच्या जवळचे भाऊबंद वटवाघळांत सापडतात. पण 2013 मध्ये ओमानमधील 50 उंटांचे रक्त तपासले गेले आणि 50 च्या 50 उंटांत प्रतिपिंडे निघाली. नंतर सोमालिया आणि सुदानमधील उंटांचे 1983 पासून जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले तर त्यांतही ती होती. म्हणजे माणसाच्या लक्षात येण्यापूर्वी जवळजवळ तीन दशके हा विषाणू एक मदार असलेल्या उंटांत नांदत होता. 2014 मध्ये जेद्दाच्याच एका मृत रुग्णातील विषाणू आणि त्याच्या स्वतःच्या आजारी उंटातील विषाणू यांची जनुकीय रचना जुळल्याचे प्रसिद्ध झाले आणि वाट कुठून कुठे जाते याविषयी फारशी शंका उरली नाही.

यातही मला सर्वांत मोलाची वाटली ती नाक आणि फुप्फुस यांची गोष्ट. हा विषाणू पेशीत शिरताना डीपीपी-4 नावाच्या प्रथिनाला चिकटतो, हे 2013 मध्येच कळले होते. उंटाच्या नाकाच्या अस्तरात हे प्रथिन मुबलक असते, त्यामुळे उंटाला साधे पडसे होते आणि नाकातून विषाणू भरभरून बाहेर पडतो, विशेषतः लहान वयाच्या उंटांच्या. माणसात तेच प्रथिन श्वसनमार्गाच्या वरच्या भागात फारसे नसून फुप्फुसाच्या खोल भागात असते. म्हणून माणसाला आजार झाला तर तो गंभीर होतो, परंतु बोलता-शिंकताना तो दुसऱ्याला देणे तितके सोपे नसते. डॉक्टरीणबाईंनी हे सगळे कागदावर पेन्सिलीने नाक-घसा-फुप्फुस काढून समजावले, आणि अम्मींनी तो कागद पर्समध्ये ठेवला. माझ्या वर्गातल्या मुलांनासुद्धा एका आकृतीत इतके कधी समजलेले नाही. बाजारातल्या गर्दीत कोविड ज्या वेगाने पसरला त्या वेगाने मर्स का पसरला नाही, याचे बरेचसे उत्तर या आकृतीत आहे. 2013 च्या हजदरम्यान 5 हजारांहून अधिक यात्रेकरूंच्या नाकातील नमुने तपासले गेले तेव्हा एकातही हा विषाणू सापडला नव्हता.

इथेच केंद्राच्या छापील पत्रकावरचा माझा मुख्य आक्षेप येतो. पत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘गर्दी टाळा’ असे छापले आहे. तवाफ, म्हणजे काबेभोवतीची प्रदक्षिणा, करायला निघालेल्या माणसाला गर्दी टाळण्याचा सल्ला देणे म्हणजे वारीला निघालेल्याला दिंडी टाळायला सांगण्यासारखे आहे. कच्च्या दुधाचा उल्लेख मात्र मागच्या बाजूला, बारीक टायपात, ‘इतर सूचना’ या मथळ्याखाली येतो. 2014 च्या एप्रिलमध्ये उमरा करून परतलेला एक मलेशियन यात्रेकरू मर्सने मरण पावला. तो तिथे असताना उंटांच्या कळपाला भेट देऊन कच्चे दूध प्यायला होता. असे उदाहरण समोर असताना सूचनांचा क्रम असा उलटा असणे मला समजत नाही. गर्दीसाठी मुखपट्टी वापरावी, ती इन्फ्लुएन्झा आणि इतर श्वसनरोगांसाठी उपयोगी आहेच. पण पत्रकावर मर्स असे लिहायचे आणि सल्ला फ्लूचा द्यायचा, हे योग्य नव्हे. शिवाय पत्रक फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. पुण्यात, ज्या केंद्राकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक उर्दू वाचतात आणि उरलेले मराठी, तिथे या दोन्ही लिपींत एक पानभर मजकूर छापणे अवघड नसावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मर्स माणसाकडून माणसाकडे जातो तो मुख्यतः रुग्णालयात, आणि हे पत्रकात कुठेच नाही. 2015 मध्ये दक्षिण कोरियात आखाती देशांतून परतलेला एकच माणूस ताप आणि खोकला घेऊन एकामागून एक दवाखान्यांत गेला. निदान होईपर्यंत तो गर्दीच्या तातडीच्या कक्षांतून आणि अनेक खाटांच्या खोल्यांतून फिरला होता. त्या साखळीत 186 जणांना आजार झाला आणि 38 जण दगावले. सोबतचे नातेवाईक, शेजारच्या खाटेवरचे रुग्ण, परिचारिका, सगळे त्यांत होते. मर्सच्या रुग्णांच्या सवयी आणि आजार यांची इतरांशी तुलना करणारा सौदी अरेबियातील एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उंटाशी थेट संपर्क, मधुमेह, हृदयविकार आणि धूम्रपान या चार गोष्टींचा आजाराशी संबंध दिसला होता. आमच्या घरात त्यांतल्या दोन गोष्टी आधीच आहेत. अशा माणसाने तिथे किरकोळ तक्रारीसाठी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन तासन्‌तास बसू नये, नेहमीची औषधे पुरेशी बरोबर ठेवावीत, आणि दाखल झालेल्या परिचिताला भेटायला जाण्याचा शिष्टाचार शक्यतो आवरावा, हे सांगायला हवे. मी विचारल्यावर डॉक्टरीणबाईंनी हे सारे लगेच मान्य केले आणि अब्बांच्या औषधांची यादी इंग्रजीत टाइप करून शिक्का मारून दिली. पण विचारणारा प्रत्येक घरात असतोच असे नाही.

आमच्याबरोबर आलेल्या मामूंनी एक प्रश्न विचारला, जो अनेकांच्या मनात असेल: राजस्थानात उंटावर बसलो होतो, त्याने काही झाले असेल का? मर्सचे रुग्ण नोंदलेल्या 27 देशांत भारत नाही, हे सांगून डॉक्टरीणबाईंनी त्यांना आश्वस्त केले, आणि पुढे जाऊन एक कोडेही सांगितले. एक मदार असलेल्या उंटांची सर्वाधिक संख्या अरबस्तानात नसून आफ्रिकेत आहे, तिथल्या उंटांतही हा विषाणू आढळतो, आणि अरबस्तानात आफ्रिकेच्या शिंगाच्या (सोमालिया, इथिओपिया या) भागातून उंट आयात होत असतात; तरीही आफ्रिकेत थेट उंटापासून माणसाला झालेल्या आजाराच्या नोंदी नगण्य आहेत. विषाणूच्या आफ्रिकी उपप्रकारांची माणसाच्या पेशीत वाढण्याची क्षमता कमी असावी हे एक स्पष्टीकरण, तिथे तपासणीच कमी होते हे दुसरे. संशोधनात जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे तज्ज्ञाने प्रश्नचिन्हच दाखवावे, ही अपेक्षा इथे पुरी झाली.

केंद्राच्या दर्शनी भागातील औषधांच्या काउंटरविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. तिथे ‘यात्रा किट’ या नावाने मुखपट्ट्या, हात धुण्याचे द्रव, प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या आणि कोविडच्या घरगुती चाचणीचा संच एकत्र विकला जातो. मर्ससाठी मान्यता मिळालेली लस नाही आणि विशिष्ट औषधही नाही. तेव्हा गोळ्यांच्या पाकिटाला या यादीत काहीच स्थान नाही. कोविडची घरगुती चाचणी करून ती निगेटिव्ह आली म्हणजे ‘कोरोना नाही’ असे समजणे तर धोक्याचे आहे, कारण ती चाचणी सार्स-कोव्ह-2 या कोविडच्या एकाच विषाणूचे प्रथिन ओळखते आणि मर्सचा विषाणू कुळाने जवळचा असला तरी वेगळा आहे. काउंटरवरच्या मुलाला हे विचारले तेव्हा त्याने “सर, कोरोनाचंच आहे ना सगळं” असे उत्तर दिले. आत डॉक्टर पेन्सिलीने आकृती काढून समजावत असताना बाहेर हे चालावे, याची केंद्रचालकांनी दखल घ्यावी.

अब्बांचा समज होता, की कोविशिल्डच्या मात्रा घेतल्या आहेत म्हणजे याचीही काळजी नको. तो डॉक्टरीणबाईंनी दूर केला, आणि ओघात जी माहिती दिली ती सीरम इन्स्टिट्यूट जिथे आहे त्या हडपसरजवळ राहणाऱ्यांना विशेष वाटेल. ज्या निरुपद्रवी केलेल्या चिंपांझी-ॲडिनोविषाणूच्या आधारावर ऑक्सफर्डने बनवलेली लस सीरम इन्स्टिट्यूटने कोविशिल्ड म्हणून तयार केली, त्याच आधारावर मर्सची लस ऑक्सफर्डमध्ये आधीपासून घडवली जात होती आणि 2018 मध्ये तिची माणसांवरील पहिली चाचणीही सुरू झाली होती. कोविड आला तेव्हा संशोधकांनी साचा तोच ठेवून आतला जनुक बदलला. उंटांनाच लस टोचावी म्हणजे माणसापर्यंत वाटच बंद होईल, हाही एक प्रयत्न चालू आहे. 2002-03 च्या सार्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूच्या साथीच्या वेळी 8 हजारांवर लोक आजारी पडून 774 जण गेले, पण तो विषाणू माणसांतून पुरता हटला आणि ज्यांच्यातून तो माणसांत आला असे मानले गेले त्या उदमांजरांच्या बाजारातल्या विक्रीवर टाच आणता आली. उंट हा अरबस्तानात उपजीविकेचा, शर्यतीचा आणि प्रतिष्ठेचा प्राणी असल्याने मर्सच्या बाबतीत तो उपाय नाही. विषाणू पुनःपुन्हा उंटांतून माणसांत येत राहतो.

परतल्यानंतरची सेवा ही या केंद्राची जमेची बाजू आहे. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत 2 ते 14 दिवस जाऊ शकतात, म्हणून परतल्यापासून 14 दिवस केंद्राचा दूरध्वनी क्रमांक यात्रेकरूसाठी खुला असतो. ताप आणि खोकला आला तर थेट दवाखान्यात न जाता आधी फोन करावा, आपण कोणत्या देशातून आलो आणि उंटाशी किंवा रुग्णालयाशी संबंध आला होता का हे सांगावे, म्हणजे पुढची व्यवस्था वेगळ्या खोलीत करता येते, असा हा साधा नियम आहे. पुण्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण म्हणून नोंद झालेले जोडपे दुबईच्या सहलीवरून परतलेले पुणेकरच होते आणि त्यांना महापालिकेच्या नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयात ठेवण्यात आले होते. तपासणी करणारी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था शहरातच असल्याने पुणेकरांना एक निश्चिंतपणा असतो; परंतु संशयित रुग्णाचा नमुना शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत जायचा असतो, स्वतः उठून पाषाणला तिच्या प्रयोगशाळेत जायचे नसते, हे केंद्राने स्पष्ट सांगितले ते बरे केले.

अब्बा-अम्मी परतल्यावर अब्बांना दोन दिवस घसादुखी झाली, तेव्हा हा क्रमांक वापरून पाहण्याची वेळ आली. सकाळी तो बराच वेळ व्यस्त लागत होता, दुपारी मात्र उचलला गेला आणि बोलणाऱ्या व्यक्तीने प्रश्न नेमके विचारले: ताप आहे का, दम लागतो का, कोणते रुग्णालय पाहिले का, उंट जवळून पाहिला का. अम्मींनी पलीकडून ओरडून सांगितले, की बस थांबली होती पण आम्ही खाली उतरलोच नाही. त्यावर घरीच विश्रांती घ्या, ताप आला तर लगेच कळवा, असा सल्ला मिळाला आणि दुसऱ्या दिवशी केंद्राकडून आपणहून विचारपूसही झाली.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. मेंदुज्वराची चार प्रकारांविरुद्धची लस सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, त्यामुळे टूरवाल्याने तिकीट हाती देईपर्यंत थांबू नये. ही लस संयुग्मित (कॉन्जुगेट) प्रकारची असेल तर प्रमाणपत्र 5 वर्षे चालते, तेव्हा आधी घेतलेली असल्यास जुना कागद शोधून न्यावा. इन्फ्लुएन्झाची लस त्याच भेटीत घेता येते. शनिवारी टूरवाल्यांचे पूर्ण ग्रुप येतात आणि डॉक्टरांचा वेळ वाटला जातो; आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारची वेळ मागून घ्यावी. मधुमेही किंवा हृदयरुग्ण असल्यास तसे वेळ ठरवतानाच सांगावे, म्हणजे समुपदेशकाचा पहिला टप्पा वगळून थेट डॉक्टरांकडे पाठवले जाते. पायऱ्या उंच आहेत आणि लिफ्ट नाही.